महिंद थेर आणि ताम्रपर्णीतील धम्माची मुळे

सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी दुसऱ्या व तेराव्या लेखात तंबपंणी म्हणजे ताम्रपर्णी, आजची श्रीलंका, हिचे नाव येते. तेराव्या लेखात ते धम्मविजयाच्या संदर्भात आहे. चोड, पांड्य यांच्याही पलीकडे, समुद्रापार, आपला धम्म पोहोचला असे सम्राट तेथे सांगतो. परंतु तो कोणी पोहोचविला, हे मात्र सांगत नाही. ज्या महिंद थेरांना सिंहली जनता गेली बावीसशे वर्षे धम्माचा आद्य उपदेशक मानून वंदन करीत आली, त्यांचे नाव अशोकाच्या एकाही लेखात नाही.

या मौनाचा अर्थ काय, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. महिंदांची कथा आपल्याला मुख्यतः दीपवंस, महावंस आणि विनयावरील समंतपासादिका ही अट्ठकथा यांतून कळते. यांपैकी सर्वांत जुना दीपवंस इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे घटनेनंतर सुमारे सहाशे वर्षांनी रचला गेला. ओल्डेनबर्गसारख्या पंडिताने तर महिंद आणि संघमित्ता ही भावंडे पुढील काळाच्या कल्पनेतून निर्माण झाली असावीत, असा संशय घेतला होता. ह्यूएनत्संगाने महिंदांना अशोकाचा पुत्र न म्हणता धाकटा भाऊ म्हटले आहे, त्यामुळे या संशयाला थोडे बळही मिळाले. ही शंका आम्हांसही बराच काळ होती. परंतु १८५१ साली कनिंगहॅम यांनी सांची व सोनारी येथील स्तूप उघडले, तेव्हा अस्थिकरंडकांवर कस्सपगोत्त आणि मज्झिम या थेरांची नावे कोरलेली आढळली. त्यांतील कस्सपगोत्त तेथे सर्व हिमवंत प्रदेशाचे आचार्य म्हणवले जातात. सिंहली ग्रंथ ज्यांना हिमालयात गेलेले धम्मदूत म्हणतात, तेच हे थेर. शेकडो कोस दूर असलेल्या बेटावर, शेकडो वर्षांनंतर लिहिणाऱ्यांनी ही नावे अचूक जपली, याचा अर्थ त्यांच्या हाती खरी परंपरा होती. श्रीलंकेच्या पूर्व भागातील राजगल येथे एक प्राचीन ब्राह्मी लेख आहे. हा स्तूप इडिक थेर व महिंद थेर यांचा आहे आणि हे दोघे या द्वीपाच्या भाग्याने येथे आले, अशा आशयाचा तो मजकूर आहे. इट्टिय हे महिंदांच्या चार सोबत्यांपैकी एकाचे नाव, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. एवढा पुरावा हाती असता महिंद ही केवळ कवि-कल्पना आहे असे म्हणणे आम्हांस धाडसाचे वाटते.

तथापि या लेखात आम्हांला ऐतिहासिकतेचा वाद पुन्हा घालावयाचा नाही. आकाशमार्गाने आगमन, भूकंप, देवतांची उपस्थिती या गोष्टी बाजूस ठेवूनही या वृत्तांतात पुष्कळ शिल्लक राहते. परक्या देशात, परक्या राजापुढे, एक बत्तीस वर्षांचा भिक्खू उभा राहतो. त्याने काय केले, काय करण्याचे नाकारले आणि त्याला कोठे अडखळावे लागले, हे पाहणे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

परंपरेनुसार महिंदांनी वयाच्या विसाव्या वर्षी, अशोकाच्या राज्याभिषेकानंतरच्या सहाव्या वर्षी, प्रव्रज्या व उपसंपदा घेतली. त्यांचे उपाध्याय मोग्गलिपुत्त तिस्स. पाटलिपुत्राच्या अशोकारामातील तिसऱ्या संगीतीनंतर याच मोग्गलिपुत्तांनी निरनिराळ्या दिशांना थेर पाठविले. काश्मीर-गंधारात मज्झंतिक, महिसमंडलात महादेव, वनवासीत रक्खित, अपरांतात योनक धम्मरक्खित, महारट्ठात महाधम्मरक्खित, सुवण्णभूमीत सोण व उत्तर, आणि ताम्रपर्णीत महिंद. येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. हे धम्मदूत राजाने नेमलेले नव्हते, संघाने नेमलेले होते. अशोकाच्या लेखांत त्यांची नावे का नाहीत, याचे एक साधे उत्तर कदाचित येथेच असावे. राजाचे महामात्र वेगळे आणि संघाचे थेर वेगळे.

महिंदांबरोबर इट्टिय, उत्तिय, संबल व भद्दसाल असे चार थेर होते. मिळून पाच. हा आकडा सहज आलेला नाही. मध्यदेशात उपसंपदा देण्यास दहा भिक्खूंचा संघ लागे. परंतु अवंतीसारख्या दूरच्या प्रांतात दहा भिक्खू जमविणे कठीण होते. सोण कुटिकण्णाला उपसंपदेसाठी तीन वर्षे थांबावे लागले, तेव्हा त्याचे उपाध्याय महाकच्चायन यांनी त्याच्यामार्फत भगवंतांकडे विनंती केली. त्यावरून सीमेपलीकडील जनपदांत विनयधरासह पाच भिक्खूंच्या संघाने उपसंपदा द्यावी, अशी अनुज्ञा झाली. म्हणजे हे पाच जण केवळ प्रवचने करून परत येण्यासाठी निघालेले नव्हते. जेथे जायचे तेथे त्या भूमीतील माणसांना संघात घेता यावे, एवढी सामग्री घेऊनच ते निघाले होते. पुढे जे घडले त्याचे बीज या पाच संख्येत आहे.

मात्र ते लगेच निघाले नाहीत. इतर थेर आपापल्या देशांना गेले तरी महिंद मागे राहिले. अट्ठकथा याचे कारण स्पष्ट देते. सिंहलद्वीपाचा राजा मुटसिव वृद्ध झाला होता, त्याच्याकडून शासनाला आधार मिळण्याची शक्यता नव्हती, तेव्हा त्याचा पुत्र गादीवर येईपर्यंत थांबावे, असा विचार महिंदांनी केला. राजाश्रयाचा हा हिशेब काही वाचकांना खटकेल. आम्हांलाही तो पूर्णपणे रुचत नाही. धम्म लोकांसाठी आहे तर राजाची वाट कशासाठी पाहावी? पण त्या काळी परक्या मुलखात पाच अनोळखी श्रमणांना राहू देणे वा न देणे राजाच्या हाती होते, आणि महिंद स्वतः राजकुळात वाढलेले असल्यामुळे हे इतरांपेक्षा अधिक जाणून होते.

या मधल्या काळात ते दक्षिणगिरी प्रदेशात सहा महिने फिरले आणि तेथून विदिशेला आले. विदिशा हे त्यांच्या मातेचे, देवीचे, गाव. ती विदिशेच्या एका श्रेष्ठीची कन्या होती. अशोक उज्जयिनीला उपराजा म्हणून जात असता वाटेत त्याचा तिच्याशी संबंध जुळला आणि पुढे अशोक पाटलिपुत्राला गेला तरी ती विदिशेतच राहिली. तिने बांधविलेला वेदिसगिरी विहार म्हणजे आजची सांचीची टेकडी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. महिंद तेथे एक महिना राहिले. माता व पुत्र यांची ही शेवटची भेट असावी. ग्रंथकार याविषयी काही हळवे लिहीत नाहीत. देवीने पुत्राला भोजन दिले आणि विहारात नेले, एवढेच सांगतात. तेथेच देवीच्या बहिणीचा नातू भंडुक हा उपासक त्यांच्या सोबतीला आला. संघमित्तेचा पुत्र सुमन श्रामणेर आधीच बरोबर होता. अशा रीतीने पाच थेर, एक श्रामणेर व एक गृहस्थ मिळून सात जण झाले.

गृहस्थ कशासाठी? महावंसकार याचे जे कारण देतात ते वाचून आम्ही थबकलो. ही मंडळी माणसेच आहेत, हे लोकांना कळावे म्हणून भंडुकाला घेतले. मुंडन केलेले, काषाय नेसलेले सहा जण अनोळखी डोंगरावर एकाएकी दिसले तर लोक त्यांना यक्ष समजतील. त्यांच्यात एक नेहमीच्या वेषातला माणूस असावा. परदेशात जाणाऱ्याला आपण तिकडच्या लोकांच्या दृष्टीस कसे दिसू, हा प्रश्न आधी पडला पाहिजे. तो महिंदांना पडला होता.

ज्येष्ठ पौर्णिमेचा दिवस. अनुराधपुरापासून सुमारे तेरा किलोमीटरवर असलेल्या मिस्सक पर्वतावर देवानंपिय तिस्स राजा शिकारीला आला होता. हाच डोंगर आज मिहिंतले म्हणून ओळखला जातो आणि हे नावच महिंदांचे आहे. हरणाचा पाठलाग करीत राजा एकटा पुढे आला, तोच कोणी तरी त्याला केवळ नावाने हाक मारली. या बेटावर आपल्याला नुसते ‘तिस्स’ म्हणणारा कोण, या विचाराने राजा प्रथम भ्याला. सगळेच एकदम दिसले तर राजा अधिकच घाबरेल म्हणून महिंदांनी सोबत्यांना मागे ठेवून स्वतः एकट्याने समोर येणे पसंत केले, असे महावंस सांगतो. आपण श्रमण आहोत, धम्मराजाचे शिष्य आहोत आणि जंबुद्वीपाहून तुमच्याविषयीच्या अनुकंपेने आलो आहोत, एवढीच ओळख त्यांनी करून दिली. आपण सम्राट अशोकाचे पुत्र आहोत, हे सांगून राजाला नमविणे सोपे होते. त्या पहिल्या ओळखीत पित्याचे नाव नाही.

राजाच्या कानावर जंबुद्वीपातील श्रमणांची वार्ता आधी आलेली होती. थोड्याच काळापूर्वी त्याने अरिट्ठ नावाच्या आप्ताच्या नेतृत्वाखाली अशोकाकडे भेटी पाठविल्या होत्या आणि उलट अशोकाने आपण त्रिशरण गेल्याचा निरोप धाडला होता. म्हणून त्याने धनुष्य खाली ठेवले आणि तो जवळ बसला.

यानंतर जो संवाद झाला तो आमच्या मते साऱ्या वृत्तांतातील सर्वांत लक्षणीय भाग होय. महिंदांनी उपदेशाला सुरुवात केली नाही. जवळच्या झाडाकडे बोट दाखवून त्यांनी त्याचे नाव विचारले. राजा म्हणाला, आंबा. याखेरीज आणखी आंबे आहेत काय? पुष्कळ आहेत. या आंब्याखेरीज व इतर आंब्यांखेरीज दुसरी झाडे आहेत काय? आहेत, पण ती आंब्याची नव्हेत. मग इतर आंबे आणि आंबा नसलेली झाडे, ही दोन्ही सोडून आणखी एखादे झाड आहे काय? राजा म्हणाला, आहे, हाच तो आंबा. नंतर तसाच प्रश्न नातलगांविषयी झाला. तुझे नातलग आहेत काय, नातलग नसलेलेही आहेत काय, आणि या दोहोंखेरीज आणखी कोणी आहे काय? राजाने उत्तर दिले, मी स्वतः.

अट्ठकथाकार याला राजाच्या बुद्धीची परीक्षा म्हणतात. ती परीक्षा होतीच, पण एवढीच होती असे आम्हांला वाटत नाही. समोरच्या माणसाला विचार करता येतो की नाही, तो वर्ग आणि व्यक्ती यांतील भेद ओळखतो की नाही, हे पाहिल्याशिवाय त्याला काय सांगावे हे ठरविता येत नाही. शिवाय प्रश्न ज्या आंब्याविषयी होता तो राजाच्याच डोंगरावरचा, रोजच्या पाहण्यातला. परक्याने आपले काही सांगण्याआधी येथल्या मातीत उगवलेल्या वस्तूकडे बोट दाखविले. आणि प्रश्नांच्या मालिकेचा शेवट ‘मी’ या शब्दावर होतो. ज्या धम्मात ‘मी’ या कल्पनेचीच पुढे चिकित्सा व्हायची, त्याची पहिली पायरी श्रोत्याच्याच तोंडून वदवून घेतलेली आहे. हे महिंदांनी हेतुतः केले की पुढच्या ग्रंथकारांनी रचले, हा प्रश्न उरतो. कोणीही केले असले तरी त्या परंपरेला उपदेश कसा करावा हे कळले होते, याविषयी शंका नको.

परीक्षेनंतर महिंदांनी राजाला चूळहत्थिपदोपम सुत्त सांगितले. मज्झिमनिकायातील हे सुत्त आमच्या अनेक वाचकांच्या परिचयाचे असेल. रानात मोठे पाऊल दिसले म्हणून कुशल माग काढणारा हा महान हत्तीच आहे असा निष्कर्ष काढीत नाही. ठेंगण्या हत्तिणींचीही पावले मोठी असतात. झाडावरचे ओरखडे, मोडलेल्या फांद्या पाहत तो पुढे जातो आणि प्रत्यक्ष हत्ती डोळ्यांनी पाहिल्यावरच निश्चय करतो. त्याचप्रमाणे तथागताविषयीही केवळ खुणांवरून निर्णय करू नये, मार्ग चालून स्वतः पाहावे, असा या सुत्ताचा आशय आहे. श्रोता कोण होता? हातात धनुष्य घेऊन हरणाच्या मागावर निघालेला माणूस. माग काढणे म्हणजे काय हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि सांगितले काय? घाईने श्रद्धा ठेवू नकोस. नवखा उपदेशक सहसा याच्या उलट करतो. त्याला होकाराची घाई असते.

भाषेचा प्रश्न येथे साहजिक उभा राहतो. महावंस म्हणतो की महिंदांनी द्वीपाच्या भाषेत धम्म सांगितला. ही अतिशयोक्ती मानण्याचे कारण नाही. मिहिंतले व इतर ठिकाणच्या गुहांच्या कपारींवर जे प्राचीन ब्राह्मी लेख आहेत, त्यांची प्राकृत भाषा अशोककालीन प्राकृताच्या बरीच जवळ आहे. विदिशेकडच्या माणसाला थोड्या सरावाने ती उमगली असेल. मात्र उमगणे वेगळे आणि त्या भाषेत शिकविणे वेगळे. परंपरा असेही सांगते की महिंदांनी त्रिपिटकाबरोबर त्याची अट्ठकथाही आणली आणि ती सिंहली भाषेत केली. मूळ बुद्धवचन पालीत ठेवले, त्याचे विवरण मात्र लोकांच्या बोलीत दिले. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्य अनुराधपुरच्या महाविहारात आले ते या सिंहली अट्ठकथांचे पालीत रूपांतर करण्यासाठीच. आज आम्ही धम्मपदाची वा विनयाची जी अट्ठकथा वाचतो ती या वळणाने आपल्याकडे आली आहे.

दुसऱ्या दिवशी थेर अनुराधपुरात आले. राजाने रथ पाठविला होता, तो त्यांनी वापरला नाही. राजवाड्यात उंच आसने न मांडता जमिनीवर बैठक घातली होती. ती पाहून, यांनी भूमी घेतली, आता हे या द्वीपाचे स्वामी होणार, असे भविष्य जाणकारांनी वर्तविले. ग्रंथकाराने ते कौतुकाने नोंदवले आहे. आम्हांला त्यात यजमानांची थोडी धास्तीही ऐकू येते. शेवटी हे पाहुणे बलाढ्य शेजाऱ्याच्या देशातून आलेले होते. थेरांचे दर्शन घेण्यासाठी नगरातील एवढे लोक लोटले की राजवाड्याचे अंगण अपुरे पडले. मग हत्तीशाळा झाडून, सारवून, तेथे बैठक झाली. तीही अपुरी पडली तेव्हा दक्षिण वेशीबाहेरच्या नंदन उद्यानात सभा हलवावी लागली. हत्तीशाळेत महिंदांनी देवदूत सुत्त सांगितले. म्हातारपण, आजार व मृत्यू हे माणसाकडे आलेले दूतच होत, हा त्याचा गाभा. राजासाठी मागकऱ्याचा दृष्टांत आणि गर्दीसाठी रोगजरामरण, ही निवडही विचार करण्यासारखी आहे.

याच दिवसांत महिंदांपुढे अशी एक मागणी आली की तिला त्यांना नाही म्हणावे लागले. राजाच्या धाकट्या भावाची पत्नी अनुला हिने पाचशे स्त्रियांसह प्रव्रज्या मागितली. भिक्खुणीसंघाशिवाय स्त्रीला प्रव्रज्या देण्याची मुभा विनयात नाही. आपल्याला ते करता येणार नाही, हे महिंदांनी स्पष्ट सांगितले आणि पाटलिपुत्रात आपली बहीण संघमित्ता थेरी आहे, तिला बोधिवृक्षाच्या शाखेसह बोलवावे, असे सुचविले. नव्या देशात पहिल्याच उत्साहाच्या लाटेत नियम सैल करण्याचा मोह किती मोठा असतो, याची कल्पना करावी. अनुलेने तोपर्यंत दहा शीले घेतली आणि नगरातील एका निवासात आपल्या सख्यांसह ती वाट पाहत राहिली. अरिट्ठ पुन्हा जंबुद्वीपाला गेला. अशोकाला हा निरोप जड गेला. मुलगा गेला, नातू सुमन गेला, आता कन्याही गेली तर हे दुःख कसे सोसावे, असे तो म्हणाल्याचे महावंसात आहे. संघमित्तेने मात्र भावाचा शब्द मोठा आहे आणि तेथे प्रव्रज्येसाठी पुष्कळ जणी थांबल्या आहेत, असे उत्तर दिले. पुढे जंबुकोल बंदरात ती बोधिशाखा घेऊन उतरली. अनुराधपुरात लावलेला तो वृक्ष आजही उभा आहे.

महिंद पहिले सव्वीस दिवस महामेघवनात राहिले आणि आषाढात वर्षावासासाठी पुन्हा मिस्सक पर्वतावर गेले. राजाने तेथे अडुसष्ट गुहा कोरविण्यास प्रारंभ केला. आम्ही काही वर्षांपूर्वी मिहिंतलेच्या पायऱ्या चढून गेलो होतो. अंबत्थल चेतियाच्या खाली उतरणाऱ्या वाटेवर एक कपार दाखवितात, तिच्यात माणूस आडवा होईल एवढा सपाट दगड आहे. महिंद येथे निजत, असे तेथील लोक सांगतात. खरे-खोटे कोण सांगणार? पण त्या दगडावरून खाली पसरलेले रान व दूरचे तलाव पाहिल्यावर अट्ठकथेतील पुढचा प्रसंग आमच्या मनात अधिक खोल उतरला.

वर्षावास संपला, पवारणा झाली. कार्तिक पौर्णिमेच्या उपोसथदिनी महिंद राजाला म्हणाले की भगवंतांचे दर्शन होऊन फार दिवस झाले, आम्ही अनाथासारखे राहिलो, आता जंबुद्वीपाला जाण्याची इच्छा आहे. राजा गोंधळला. चारही प्रत्ययांची सोय आहे, लोक तुमच्यामुळे त्रिशरण गेले आहेत, मग येथे मन का रमत नाही, असे त्याने विचारले. शिवाय भगवंत तर परिनिर्वाण पावले असे तुम्हीच सांगितले होते. त्यावर महिंदांनी उत्तर दिले की धातूंचे दर्शन हेच भगवंतांचे दर्शन. जेथे वंदन करावे असे काही येथे नाही.

परंपरा हा प्रसंग थूपारामाच्या स्थापनेची प्रस्तावना म्हणून सांगते. सुमन श्रामणेराला अशोकाकडे धाडून धातू आणविले गेले आणि अनुराधपुरात पहिला स्तूप उभा राहिला. तरीही या उद्गारांत एका माणसाची व्यथा आहे, हे नाकारण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. सन्मान होता, श्रोते होते, यश होते, आणि तरी ज्या भूमीत बोधिवृक्ष, सारनाथ, कुशीनारा आहे तिचा विरह होता. अर्हत पुरुषाला उत्कंठा कशी, असा आक्षेप कोणी घेतील. त्यांना आम्ही एवढेच सांगू की हा प्रसंग श्रद्धावान अट्ठकथाकारांनीच लिहून ठेवला आहे, त्यांना तो लपवावासा वाटला नाही. आणि जे नव्हते ते मिळविण्याचा उपाय महिंदांनी परत जाऊन शोधला नाही, तेथेच शोधला.

यानंतरचा प्रसंग समंतपासादिकेत येतो. विहार झाले, स्तूप झाला, बोधिवृक्ष लागला, भिक्खू-भिक्खुणींचे संघ झाले. राजाने विचारले, शासन आता या द्वीपात प्रतिष्ठित झाले काय? महिंद म्हणाले, प्रतिष्ठित झाले, परंतु त्याची मुळे अजून खोल गेलेली नाहीत. ती केव्हा जातील? जेव्हा ताम्रपर्णीत जन्मलेला, ताम्रपर्णीच्याच आईबापांचा मुलगा ताम्रपर्णीतच प्रव्रज्या घेईल, तेथेच विनय शिकेल आणि तेथेच तो शिकवील, तेव्हा.

स्वतःच्या कार्याविषयी इतके निःस्पृह विधान धर्मप्रसाराच्या इतिहासात आमच्या तरी वाचनात फारसे नाही. जे काही झाले ते एका परदेशी माणसाने केले आहे, म्हणून ते अजून वरवरचे आहे, असा त्याचा अर्थ होतो. थूपारामात मग सभा भरविण्यात आली. धम्मासनावर सिंहली महाअरिट्ठ थेर बसले आणि त्यांनी विनय सांगितला. अडुसष्ट थेर भोवती बसले होते आणि त्यांत खुद्द महिंद होते. शिकविणारा खाली, शिकलेला वर. (अरिट्ठ हे नाव या वृत्तांतात राजाचा दूत, पंचावन्न भावांसह प्रव्रज्या घेणारा आणि हा विनयधर, अशा तीन ठिकाणी येते. ती एकच व्यक्ती होती काय, हे ग्रंथांवरून सर्वत्र जुळविता येत नाही.)

मुळे खोल गेली म्हणजे झाडाला पुन्हा कधी धक्का बसला नाही, असे मात्र नव्हे. चोळांच्या स्वाऱ्यांनंतर अकराव्या शतकात सिंहली भिक्खुणीसंघ लोपला आणि भिक्खूंची उपसंपदा ब्रह्मदेशातून पुन्हा आणावी लागली. अठराव्या शतकात ती पुन्हा खंडित झाली होती. १७५३ साली सयामहून उपाली थेर कँडीला आले तेव्हा ती नव्याने सुरू झाली. संघमित्तेच्या परंपरेतील सिंहली भिक्खुणी इसवी सन ४३३ च्या सुमारास चीनमध्ये नानजिंगला जाऊन तेथील स्त्रियांना उपसंपदा देण्यास उपयोगी पडल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र ती परंपरा उरली नाही. १९९६ साली सारनाथ येथे सिंहली स्त्रियांना पुन्हा उपसंपदा देण्यात आली, तिच्या वैधतेविषयी थेरवादी संघात अजून एकमत नाही. एवढे सगळे होऊनही एक धागा तुटला नाही, तो अध्ययनाचा. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, दुष्काळ व युद्धाच्या संकटात, आलुविहारात त्रिपिटक लिहून काढले गेले, ते तेथल्याच भिक्खूंनी.

त्याच संगीतीनंतर आमच्या महारट्ठात आलेल्या महाधम्मरक्खितांविषयी मात्र आम्हांला काय ठाऊक आहे? त्यांनी महानारदकस्सप जातक सांगितले, पुष्कळांनी मार्गफल मिळविले आणि पुष्कळांनी प्रव्रज्या घेतली. एवढेच, आणि तेही सिंहली ग्रंथांत. अपरांतातील सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले. कार्ले, नाशिक, जुन्नर येथे लेणी कोरली गेली, त्यांवर दानशूरांची नावे आहेत. पण महाराष्ट्रात प्रथम कोणी विनय शिकून तो कोणाला शिकविला, हे कोरून वा लिहून ठेवणारी परंपरा आमच्याकडे टिकली नाही. लेणी राहिली, महाअरिट्ठ राहिले नाहीत.

देवानंपिय तिस्साने चाळीस वर्षे राज्य केले. त्याच्यानंतर त्याचा भाऊ उत्तिय गादीवर आला. त्याच्या कारकिर्दीच्या आठव्या वर्षी, आश्विन शुद्ध अष्टमीला, चेतियपर्वतावर वर्षावासात असता महिंद परिनिर्वाण पावले. तेव्हा त्यांना उपसंपदा होऊन साठ वर्षे झाली होती. त्यांतील बारा जंबुद्वीपातील, अठ्ठेचाळीस सिंहलातील. कार्तिक पौर्णिमेला बोलून दाखविलेली ती इच्छा त्यांनी नंतर कधी पुरी केल्याचा उल्लेख नाही. पुढच्याच वर्षी संघमित्ता थेरीही गेली.

१९०२ साली गोव्यातील साखवाळचा एक तरुण बुद्धधर्म शिकण्यासाठी सिंहलद्वीपाला पोहोचला. हे धर्मानंद कोसंबी. बुद्धाच्या देशात पाली शिकविणारा कोणी त्यांना मिळाला नव्हता. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, हिक्कडुवे सुमंगल महाथेरांजवळ, त्यांनी श्रामणेर होऊन पालीचे अध्ययन केले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांची हकीकत दिली आहे. सुमंगल महाथेर सिंहलात जन्मलेले, सिंहली आईबापांचे, तेथेच प्रव्रजित झालेले व तेथेच शिकलेले. १९१२ ते १९१८ या काळात कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात मराठी विद्यार्थ्यांना पाली शिकवीत होते.